गावाची गोष्ट, गावाच्या पत्त्यावर

गेल्या महिन्यात एका निवृत्त गुरुजींकडे दुपारभर बसलो होतो. माणदेशातल्या एका खेड्यातून ते एक छोटे त्रैमासिक चालवतात. चाळीसेक पाने, साधा कागद, मुखपृष्ठावर वेशीचा नाहीतर जुन्या बारवेचा फोटो. त्याचे नाव येथे देत नाही, कारण सातारा-सांगली भागात अशी धडपड करणारे ते एकटेच नाहीत. कुठे शाळेच्या शताब्दीची स्मरणिका निघते, कुठे सोसायटीच्या अमृतमहोत्सवाची, कुठे यात्रेचा विशेषांक. आत मजकूर असतो तो बंद पडलेल्या तालमीचा, तेलाच्या घाण्याचा, गावात पहिली एस.टी. आली त्या दिवसाचा.

गुरुजींनी माझ्यापुढे पत्रांचे गाठोडे सोडले. काही पोस्टकार्डे, काही आंतरदेशीय पत्रे. अलीकडची बरीचशी फोनवर आलेली, ती गुरुजींनी स्वतःच्या अक्षरात वहीत उतरवून ठेवलेली. ‘अंक पोचला. आजोबांचे नाव छापून आलेले पाहिले. आईला मोठ्याने वाचून दाखवले, ती रडली.’ अशा मजकुराची कितीतरी पत्रे. पत्ते पाहिले तर मौज वाटली. कोइमतूर, त्रिशूर, विजयवाडा, कोलकाता. खानापूर, आटपाडी, तासगाव या दुष्काळी तालुक्यांतली माणसे सोने-चांदी गलाईच्या धंद्यासाठी देशभर पांगली आहेत. मोडीचे दागिने वितळवायचे, त्यातले शुद्ध सोने वेगळे काढायचे, असा तो धंदा. भट्टी परमुलखात, पण यात्रेला आणि लग्नाला पाय गावाकडे वळतात. त्यांच्या मुलांना तमिळ, मल्याळम सफाईने येते, मराठी अडखळत येते. अशा घरात हा अंक देव्हाऱ्याशेजारी ठेवला जातो.

मी तीस-पस्तीस वर्षे बँकेत काढली. कौतुक ऐकले की खतावणी पाहण्याची खोड जात नाही. विचारले, ‘गुरुजी, वर्गणी किती जणांची येते?’ ते हसले आणि म्हणाले, ‘पत्रे मोजायची का पैसे, ते तुम्हीच ठरवा.’ तूट ते पेन्शनीतून भरतात. घरी परतताना तोच विचार मनात घोळत होता. एवढे प्रेम करणारे वाचक नेमके कशावर प्रेम करतात? आणि त्या प्रेमावर अंक चालत का नाही?

सरदारांच्या दप्तरापासून नांगरापर्यंत

इतिहासाचे कागद छापून वाचकांपर्यंत पोचवण्याचा नाद या मातीला नवा नाही. वि. का. राजवाडे यांनी वाईत सापडलेल्या कागदांतून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड 1898 साली काढला. त्याच सुमारास मिरजेत शाळामास्तरकी करणारे वासुदेवशास्त्री खरे पटवर्धन सरदारांच्या दप्तरातला ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ प्रसिद्ध करत होते. 1908 साली द. ब. पारसनीस यांनी साताऱ्यात ‘इतिहाससंग्रह’ हे मासिक सुरू केले. त्यांनी जमवलेला संग्रह पुढे 1939 साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजात गेला. या मंडळींनी प्रचंड कष्ट उपसले, आणि पदरमोड करून उपसले. त्यांच्यामुळे कितीतरी कागद वाळवीच्या तोंडातून वाचले.

पण ते कागद कोणाचे होते? वाड्यातले. ज्यांच्याकडे कारकून होता, त्यांच्याकडे दप्तर होते. ज्याच्याकडे कारकून नव्हता, तो त्या दप्तरात आला तर बाकीदार म्हणून किंवा वेठीला धरलेला गडी म्हणून.

याला छेद देणारे दुसरे वळण त्याच काळातले आहे. मुकुंदराव पाटील यांनी 1910 साली तेव्हाच्या अहमदनगर, आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या खेड्यातून ‘दीनमित्र’ सुरू केले आणि पुढे तरवडीहून दीर्घकाळ चालवले. शहरातून खेड्याविषयी लिहिणारे पुष्कळ होते. हे वृत्तपत्र खेड्यातच लिहिले जाई. त्याच 1910 साली औंध संस्थानातल्या कुंडलजवळच्या माळावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कारखाना उभा केला. तिथून 1920 साली शंकरराव किर्लोस्करांनी ‘किर्लोस्कर खबर’ काढले. लोखंडी नांगर विकणाऱ्या कारखान्याचे ते पत्रक. त्यातूनच पुढे ‘किर्लोस्कर’ मासिक उभे राहिले, 1930 मध्ये ‘स्त्री’ आणि 1934 मध्ये ‘मनोहर’ निघाले. महाराष्ट्रातल्या मध्यमवर्गाने दोन पिढ्या जी मासिके वाट पाहून वाचली, ती मुंबई-पुण्यात नव्हे, माळावरच्या एका वाडीत जन्मली, हे आज कितीजणांना आठवते?

या दोन्ही उदाहरणांत मला एक गोष्ट महत्त्वाची वाटते. त्या संपादकांनी वाचकाला केवळ खूश ठेवले नाही. ‘दीनमित्र’ने खेड्यातल्या अन्यायावर बोट ठेवले. ‘किर्लोस्कर’ने रूढींवर इतके कडक लेख छापले की वाचक चिडून पत्रे लिहीत. म्हणजे वाचकांचे प्रेम दोन तऱ्हेचे असते. एक, आजोबांचे नाव छापून आल्याचे. दुसरे, आपल्याशी कोणी खरे बोलले म्हणून वाटणारे. पहिले लगेच व्यक्त होते, दुसरे वेळ घेते. मासिकाला आयुष्य मिळते ते दुसऱ्यामुळे.

रद्दीच्या काट्यावर

आता माझ्या स्वतःच्या एका चुकीची गोष्ट सांगतो. ऐंशीच्या दशकात मी याच पट्ट्यातल्या एका शाखेत शेती अधिकारी होतो. मागच्या खोलीत जुन्या कर्जप्रकरणांचे गठ्ठे छताला टेकले होते. विहिरीची कर्जे, बैलजोडीची कर्जे, इंजिनाची कर्जे. प्रत्येक प्रकरणाला पाहणी अहवाल जोडलेला: विहीर किती परस खोल, खडक कुठे लागला, पाणी कोणत्या महिन्यापर्यंत टिकते, बैल कोणत्या बाजारातून आणले, जामीनदार कोण. खाली अंगठा. ठरावीक मुदतीनंतर जुने कागद नष्ट करावेत, असा नियम होता. यादी मी केली, सही मी केली. दोन दिवस रद्दीवाल्याचा काटा चालला. खोली रिकामी झाली म्हणून मला समाधान वाटल्याचेही आठवते.

नियमाला दोष देत नाही. चाळून पाहण्याचे सुचले नाही, हा दोष माझा. 1972च्या दुष्काळानंतर त्या मुलखाने पाण्यासाठी काय केले, याचा विहिरीगणिक लिहिलेला इतिहास त्या खोलीत होता. तो मी किलोवर विकला. पुढे कादंबऱ्या लिहायला लागलो, तेव्हा त्याच अहवालातल्या एखाद्या तपशिलासाठी महिनोन्महिने हिंडलो. तेव्हा कळले, आपण काय केले ते.

तीन वर्षांपूर्वी गुरुजींनी ‘गावच्या विहिरी’ असा अंक करायचे ठरवले आणि माझ्याकडे जुनी नोंद मागितली. मी खरे ते सांगितले आणि आठवणीतून एक लेख लिहून दिला. त्यात एका विहिरीचे वर्णन होते, कर्ज घेणाऱ्या शेतकऱ्याच्या नावानिशी. पत्रे आली, ‘झकास’, ‘जुने दिवस आठवले’. त्यांत एका बाईंचे पत्र वेगळे होते. त्यांनी लिहिले होते: तुम्ही लिहिली ती विहीर माझ्या सासऱ्यांच्या नावावर होती, हे खरे. पण खाली सुरुंग लावून दगड फोडला तो वडारांच्या तीन कुटुंबांनी, आणि वर माती-मुरूम वाहिला तो माझ्या सासूने, सातव्या महिन्याचे पोट घेऊन. तुमच्या बँकेच्या कागदात त्यांची नावे नव्हती. आता तुमच्या लेखातही नाहीत.

मी पुष्कळ वेळ ते पत्र हातात धरून बसलो. कागद रद्दीत घातल्याची खंत मी इतकी वर्षे बाळगून होतो. पण ते सगळे कागद जपले असते, तरी या बाईच्या सासूचे नाव त्यांत मिळाले नसते. राजवाड्यांच्या दप्तरात जी उणीव, तीच माझ्या पाहणी अहवालात. नोंद ज्याच्या नावाची, विहीर त्याची. गुरुजींनी ते पत्र पुढच्या अंकात पहिल्या पानावर छापले. त्यावर गावातल्या दोघांनी नाराजी कळवली आणि अंक बंद केला. चौघा-पाचजणांनी मात्र आपापल्या आजी-आज्यांच्या हकिकती लिहून पाठवल्या. त्यांत वडार वस्तीतला एक तरुणही होता. माझ्या मते त्या मासिकाला मिळालेली खरी पावती ती.

आता घाई का?

कोणी म्हणेल, हे तर हौशीचे काम, त्याची एवढी चिंता कशाला? चिंता वाटते ती तीन कारणांनी.

पहिले कारण साक्षीदारांचे. 1943 ते 1946 या काळात क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारने याच गावांमधून कारभार केला, न्यायनिवाडे केले. त्यांचे सहकारी जी. डी. बापू लाड 2011 साली गेले, नागनाथअण्णा नायकवडी 2012 साली, नानांच्या कन्या हौसाताई 2021 साली. पुढाऱ्यांवर पुस्तके झाली. पण ज्या घरांनी रात्रीबेरात्री भाकरी पोचवली, त्या घरांची आठवण आता नातवंडांच्या तोंडी उरली आहे, तीही अर्धीमुर्धी.

दुसरे कारण पाण्याचे, आणि ते दोन्ही बाजूंनी. कृष्णाकाठी 2005, 2019 आणि 2021 च्या महापुरांनी घरातल्या पेट्या, वह्या, फोटो नेले. 2019 मध्ये सांगलीत ग्रंथालयाची पुस्तकेही भिजली. उलट माणदेशाच्या बाजूला टेंभूसारख्या उपसा योजनांचे पाणी आले, माळावर ऊस आणि डाळिंब दिसू लागले. ही आनंदाचीच गोष्ट. पण पाणी आले की तहान विसरते. ज्या मुलांनी टँकर पाहिला नाही, त्यांना विहिरीची किंमत सांगायची कशी? पाणी कसे आले, त्यासाठी मोर्चे कोणी काढले, जमिनी कोणाच्या गेल्या, हे आज लिहिले नाही, तर उद्या पाणी जणू कोण्या एकाच पुढाऱ्याने आणले, असे फलक तेवढे उरतील.

तिसरे कारण सीमांचे. 1949 पर्यंत हा बराचसा मुलूख एकाच सातारा जिल्ह्यात होता, आणि मधूनमधून औंध, सांगली, मिरज अशी संस्थाने. त्या वर्षी दक्षिण सातारा वेगळा झाला आणि 1960 मध्ये त्याचे नाव सांगली झाले. सरकारी दप्तरे त्याप्रमाणे विभागली गेली. सोयरीक, बाजार, पालखीचा रस्ता मात्र विभागले गेले नाहीत. ती अखंड गोष्ट सांगायला जिल्ह्याचे गॅझेटियर पुरत नाही. तिथे गावचेच मासिक लागते.

मोबाइलवर हल्ली गावोगावचे गट आहेत, जुने फोटो त्यांवर फिरतात. त्याला नावे ठेवण्याचे कारण नाही. पण तिथे आलेली आठवण संध्याकाळपर्यंत शुभेच्छांखाली गाडली जाते आणि चुकीची दुरुस्ती कोणी करत नाही. छापलेल्या अंकाला तारीख असते, संपादक असतो, आणि ‘तुमचे चुकले’ असे सांगणाऱ्या पत्राला पुढच्या अंकात जागा असते. माझ्या लेखाची दुरुस्ती तशीच झाली.

उपाय फार मोठे नाहीत. तालुक्याच्या ग्रंथालयाने अशा प्रत्येक अंकाच्या दोन प्रती विकत घेऊन बांधून ठेवाव्यात. महाविद्यालयांनी इतिहासाच्या मुलांना सुटीत एकेका घराची हकिकत लिहून आणायला सांगावी. बँका, सोसायट्या, साखर कारखाने यांनी जुने कागद काट्यावर घालण्यापूर्वी गावातल्या एखाद्या जाणत्या माणसाला एक दिवस चाळू द्यावेत. आणि आपण वाचकांनी कौतुकाच्या पत्रासोबत वर्गणी धाडावी. शक्य असेल तर एक दुरुस्तीही धाडावी. संपादकाला वर्गणीइतकीच तिचीही गरज असते.

निघताना मी गुरुजींना पाच वर्षांची वर्गणी दिली. त्यांनी पावती फाडली आणि म्हणाले, ‘पैसे झाले, आता मजकूर कधी देता?’ या वेळी मी त्यांना त्या रद्दीच्या दोन दिवसांची हकिकत लिहून दिली आहे. त्या गठ्ठ्यांतल्या माणसांची मला आठवली तेवढी नावेही दिली आहेत. यादी अपुरी आहे. उरलेली नावे पत्रांतून येतील, अशी आशा आहे.