मताचीही मशागत करा

शेतकरी भावांनो, मायबहिणींनो,

मृग बरसल्यावर जो बियाणे शोधायला निघतो, त्याची पेरणी साधत नाही. मताचेही तसेच आहे. २०२४ च्या लोकसभेला अकोला, अमरावती, वर्धा, यवतमाळ-वाशिम, परभणीत मतदान झाले २६ एप्रिलला. ऊन मी म्हणत होते, लगीनसराई जोरात होती. ‘ऊन उतरल्यावर जाऊ’ म्हणणाऱ्या कित्येकांचे मत घरातच राहिले. त्याच निवडणुकीत मुंबईच्या वायव्य मतदारसंघाचा निकाल अवघ्या ४८ मतांनी लागला. एवढी मते तर एका वस्तीत असतात.

म्हणून पुढच्या लोकसभेची तयारी आजपासून करा. आधी यादीत नाव पाहा. ओळखपत्र खिशात असले तरी यादीत नाव नसेल तर मत देता येत नाही. नाव नसेल तर सहा नंबरचा अर्ज भरा. दुरुस्तीला किंवा पत्ता बदलायला आठ नंबरचा.

मतदानाच्या आदल्या रात्री घरात बसून ठरवा : कोण किती वाजता जाणार, बैलांना पाणी कोण दाखवणार, म्हाताऱ्या आईला कोण नेणार. घरधनिणीचे मत चूल आटोपण्यावर ठेवू नका. सालगड्याला, मजुराला वेळ द्या. नुसती चिठ्ठी चालत नाही. ओळखपत्र किंवा आधार कार्ड सोबत घ्या. वेळ संपण्याआधी रांगेत लागलात, तर मत दिल्याशिवाय परतू नका.

मत कोणाला, ते तुमचे तुम्ही ठरवा. पण जो केंद्रावर जातच नाही, त्याच्या कापसाच्या भावाची फिकीर पुढारी कशाला करील?