हल्ली पाल पाळतात म्हणे!

‘मामा, मी पाल पाळणार,’ असा पेडण्याहून भाच्याचा फोन आला. आमच्या सौ.नी लगेच विचारलं, ‘हल्ली?’ मराठीत हल्ली म्हणजे आजकाल आणि त्यांच्या माहेरच्या कन्नडमध्ये हल्ली म्हणजे पाल. प्रश्न दोन्ही अर्थांनी बरोबरच होता!

ही पाल भिंतीवरची नव्हे. मादागास्करच्या पावसाळी जंगलातली, शेपूट थेट वाळक्या पानासारखं. दिवसा सालीला चिकटून बसते, रात्री किडे टिपते. पापण्या नाहीत, म्हणून डोळे जिभेनं पुसते. आजीकडून पैसेही मंजूर झाले होते. माझ्या मनात मात्र शंकेची पाल चुकचुकलीच.

चोर्ला घाट उतरून डिचोलीत काचेची पेटी करून घेतली. रुंदीपेक्षा उंची जास्त, कारण हा प्राणी चढणारा. वर आणि एका बाजूला जाळी. खरी मेख इथंच आहे. हवा दमट हवी, पण कोंदट नको. बंद काचेत पाणी मारत राहिलं की बुरशी धरते. तळाशी खडी, वर काथ्याचा भुसा, उभ्या फांद्या, नेचे. ही पाल पानांवरचे थेंब चाटते, म्हणून रोज संध्याकाळी फवारा मारायचा.

अट एकच घातली. पाल आणण्याआधी महिनाभर पेटीत थर्मामीटर ठेवायचा. तिला साधारण २० ते २५ अंश मानवतात. पोरानं एप्रिलभर वहीत आकडे लिहिले. दुपारी ३३, रात्री २७च्या खाली नाही. गोव्यात दमटपणा हवा तेवढा, पण गारवा कुठून आणायचा? ‘एसी लावू,’ म्हणाला. आणि वीज गेली की?

शिवाय बाजारातल्या यातल्या बऱ्याच पाली जंगलातून पकडलेल्या असतात. २००५ पासून त्यांच्या व्यापारावर साइट्स कराराचं नियंत्रण आहे. आपल्याकडे २०२४च्या नियमांनुसार नोंदणीही करावी लागते. विकणाऱ्याकडे कागद मागितले, तेव्हापासून त्याचा फोन लागत नाही.

भाचा दोन दिवस धड जेवला नाही, असं बहीण म्हणाली. मग म्हणे, ‘आपल्या गोव्याचीच आणू?’ तशी एक आहे खरी. १९७६ साली काणकोण भागातून तिची शास्त्रीय नोंद झाली, नावातच गोवा आहे. पण ती तिच्या रानात जाऊन बघायची, असं मी सांगितलं.

पेटीत सध्या नुसते नेचे आहेत. वही चालूच आहे. जुलैत एकदा पहाटेच फोन आला, ‘मामा, आज २४!’