संग्रहालयातील गंध

वस्तुसंग्रहालयात डोळ्यांना मेजवानी मिळते. नाक मात्र उपाशी राहते. प्राचीन घराची प्रतिकृती दिसते, पण त्यातील चुलीचा धूर वा ओल्या चामड्याचा वास कळत नाही. ही उणीव भरून काढण्यासाठी काही संग्रहालये कृत्रिम गंधांचे साहाय्य घेतात.

इंग्लंडमधील यॉर्क नगरात १९७६ ते १९८१ या काळात उत्खनन होऊन सुमारे हजार वर्षांपूर्वीच्या व्हायकिंग लोकांची वस्ती उजेडात आली. तेथेच १९८४ मध्ये यॉर्विक केंद्र उघडले. त्यात ती वस्ती पुन्हा उभी केली असून तिचे गंधही योजिले आहेत. काही वर्षांपूर्वी हे केंद्र पाहिलेल्या लोकांना तेच गंध हुंगावयास दिले, तेव्हा त्यांना तेथील गोष्टी अधिक आठवल्या, असे १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात आढळले. गंध हा ज्ञानाचा सोबती होऊ शकतो, हे यावरून दिसते.

तथापि हा सोबती आवरावयास कठीण आहे. नकोसे चित्र समोर आले तर डोळे मिटता येतात. श्वास मात्र घ्यावाच लागतो. एकाला सुखद वाटणारा सुवास दमा किंवा अर्धशिशी असलेल्या दुसऱ्याला पीडा देतो. प्रेक्षक घटकाभराने निघून जातो; दालनाचा रखवालदार दिवसभर त्याच हवेत उभा असतो. मुक्या वस्तूंनाही धोका असतोच. सुगंधी द्रव्याचा तेलकट अंश जुन्या वस्त्रावर बसू शकतो आणि आम्लाच्या वाफेने शिसे झिजते.

कोणी म्हणेल, एवढी जोखीम असेल तर गंध नकोतच. पण विस्तवाने भाजते म्हणून कोणी चूल विझवून टाकीत नाही. २०२१ मध्ये नेदरलँड्समधील हेग येथील मॉरित्सहाउस संग्रहालयाने सतराव्या शतकातील चित्रांबरोबर त्या काळचे गंध मांडले. त्यांत ॲम्स्टरडॅमच्या कालव्याची दुर्गंधीही होती. मात्र जो प्रेक्षक पायाने कळ दाबी, त्याच्याच नाकाशी गंध येई.

हाच मार्ग योग्य होय. गंध बंद कुपीत असावा, अमूल्य वस्तूंपासून दूर असावा आणि तो कृत्रिम असल्याची पाटी दारातच लावावी. मागेल त्याला तो मिळावा, न मागेल त्यावर लादला जाऊ नये. भूतकाळाशी ओळख करून देताना वर्तमानातील माणसाचा श्वास कोंडता कामा नये.