भाव स्वस्त, पण फंडात किती?

मैत्रिणींनो, जपानात जुनं घर स्वस्तात मिळतं, हे पुष्कळजणींच्या कानावर आलं असेल. पुण्यात सिंहगड रस्त्यावर ज्या शहराच्या मैत्रीची बाग आहे, त्या ओकायामात आम्ही राहतो. मी इथे अर्धवेळ इंग्रजी शिकवते आणि उरलेल्या वेळात ह्यांच्याबरोबर फ्लॅट बघत हिंडते. इथे सिमेंटच्या इमारतीतल्या फ्लॅटला 'मॅन्शन' म्हणतात. नाव ऐकून वाडाबिडा डोळ्यांसमोर आणू नका! तीन खोल्या, स्वयंपाकघर, सत्तर चौरस मीटर, संपलं. परदेशी माणसाला असं घर घ्यायला कायद्याची आडकाठी नाही. कर्ज मात्र कायम वास्तव्याची परवानगी नसेल तर सहजी मिळत नाही.

किंमत ऐकून हुरळण्याआधी इमारतीचं वय विचारा. भूकंपासाठीचे बांधकामाचे कडक नियम १ जून १९८१ पासून लागू झाले. त्यात मेख अशी, की तारीख बघायची ती बांधकामाच्या परवानगीची. १९८२ साली पूर्ण झालेली इमारतही जुन्या नियमांची असू शकते. १९९५ च्या कोबेच्या भूकंपात अशा जुन्या इमारतींचंच नुकसान जास्त झालं. नंतर मजबुतीकरण केलं असेल, तर त्याचा कागद मागून घ्या.

आता खरा मुद्दा. आपण सोसायटीला देखभाल खर्च आणि सिंकिंग फंड देतो ना, तशाच इथे दरमहा दोन रकमा असतात: एक जिना, लिफ्ट, झाडलोटीची आणि दुसरी दुरुस्ती-निधीची. घर कुलूपबंद असलं तरी त्या चुकत नाहीत. आधीच्या मालकाने थकवल्या असतील तर नव्या मालकाकडून वसूल करता येतात, तसा कायदाच आहे. बारा-पंधरा वर्षांनी परांच्या बांधून सबंध इमारतीची डागडुजी होते, ती या निधीतून. लहान इमारतीला दर चौरस मीटरमागे महिना सरासरी ३३५ येन असावेत, असं सरकारी मार्गदर्शन सांगतं. म्हणजे सत्तर मीटरच्या घराला जवळजवळ साडेतेवीस हजार येन झाले.

आम्ही पाहिलेला एक फ्लॅट नुसता चकचकीत होता. नवा ओटा, पांढऱ्या भिंती, आणि दुरुस्ती-निधी अवघा सहा हजार! हे खूश झाले. मी म्हटलं, "अहो, मग गच्ची गळायला लागली की पैसे कोण देणार?" तेव्हा एकदम वर्गणी तरी काढतात, नाहीतर कर्ज तरी. दुसऱ्या फ्लॅटमध्ये न्हाणीघरात जुन्या निळ्या फरशा आणि खोलीत मळकट झालेल्या गवती चटया. निधी बावीस हजार. पण सबंध इमारतीचे सांडपाण्याचे नळ बदललेले. जुन्या इमारतींत आपल्या मोरीचा नळ पुष्कळदा खालच्या बिऱ्हाडाच्या छतातून जातो, तो आपला आपण बदलता येत नाही. ओटा काय, केव्हाही बदलू!

सोसायटीच्या खात्यात शिल्लक किती, कर्ज आहे का, किती घरांची थकबाकी आहे, हे दलालाकडून लेखी घ्या. करार करण्याआधी परवानाधारक माणसाने घराविषयीच्या महत्त्वाच्या बाबी समजावून सांगणं सक्तीचं आहे, आणि २०२० पासून पुराचा नकाशाही दाखवावा लागतो. तो कागद दोन दिवस आधी मागा, भाषा जाणणाऱ्याकडून वाचून घ्या. ओकायामा कोरड्या हवेचं, सुरक्षित म्हणून नावाजलेलं. तरी जुलै २०१८ च्या पावसात शेजारच्या कुराशिकीतला माबी भाग पाण्याखाली गेला.

आणि हो, गॅलरी आपली असूनही आपली नसते, बरं का! आग लागली तर सुटकेची वाट तीच. शेजारच्या गॅलरीमधला पडदा पातळ असतो, लाथेने फोडून पलीकडे जाण्यासाठी. तुळशीची कुंडी ठेवा, पण त्या पडद्यापुढे नको.

आमचं मन निळ्या फरशांवर बसलं आहे. तिसरा मजला आहे आणि लिफ्ट नाही, एवढं सासूबाईंना कळवायचं राहिलंय.