तीन फुटांचे स्टेज, छत्तीस फुटांचा उतार

दिंडोरी तालुक्यातील वणीपासून जवळच सप्तशृंगीचा गड आहे. देवीच्या दर्शनाला तेथे पाचशेहून अधिक पायऱ्या चढाव्या लागत. 2018 मध्ये फ्युनिक्युलर ट्रॉली सुरू झाली आणि गुडघेदुखीने त्रस्त आजीबाईही वर जाऊ लागल्या. त्यांचे गुडघे बरे झाले नव्हते, फक्त वाट बदलली होती. अपंगत्वाचा बराचसा भाग शरीरात नसून वाटेत असतो, हे त्या ट्रॉलीने दाखवून दिले.

गावातल्या ग्रामसभेला, आरोग्य शिबिराला, लग्नाच्या मंडपाला हाच धडा लागू पडतो. ‘कोणी दिव्यांग आलेच तर चार पोरे उचलून स्टेजवर नेतील,’ असे आयोजक सहज म्हणतात. त्यामागचा हेतू चांगला असतो. पण उचलताना तोल गेला तर दोघांनाही इजा होते, आणि चारचौघांत ओझ्यासारखे उचलले जाणे नको म्हणून ती व्यक्ती पुढच्या वेळी घरीच बसते.

व्हीलचेअरसाठीच्या उताराचे मान्य प्रमाण 1:12 आहे, म्हणजे एक फूट उंचीला बारा फूट लांबी. माणूस आणि खुर्ची मिळून वजन 90 किलो धरले, तर या उतारावर साधारण साडेसात किलोचा जोर लावावा लागतो. स्टेजला चार फुटांची फळी टेकवून एक फूट चढायचे म्हटले, की तोच जोर 22 किलोंच्या घरात जातो आणि खुर्ची मागे उलटण्याचा धोका वाढतो. या हिशेबाने तीन फुटांच्या स्टेजला छत्तीस फुटांचा उतार लागेल. तेवढी जागा मंडपात मिळणे अवघड, म्हणून स्टेजच एक फुटाचे करावे किंवा सत्कार खाली जमिनीवर करावेत. त्याने खर्च वाढत नाही, उलट कमीच होतो.

पावसाळ्यात काळ्या मातीत चाके रुततात, म्हणून प्रवेशद्वारापासून प्लायवूडच्या फळ्यांची वाट हवी. शौचालयाचा प्रश्न थेट आरोग्याचा आहे. वापरता येईल असे शौचालय नसेल, तर अनेक जण सकाळपासून पाणीच पीत नाहीत. मणक्याला इजा झालेल्यांना मूत्रमार्गाच्या संसर्गाचा धोका आधीच जास्त असतो, आणि पाणी तोडल्याने तो आणखी वाढतो.

ऐकू कमी येणाऱ्यांसाठी भोंग्याचा आवाज चढवणे हा उपाय नव्हे. श्रवणयंत्र शब्दांबरोबर गोंगाटही मोठा करते. वक्त्याने माइक तोंडाजवळ धरावा, त्याच्या चेहऱ्यावर उजेड असावा आणि अशा श्रोत्यांना पुढची रांग मिळावी. ‘जेवण तिकडे आहे’ ही घोषणा अंधांच्या उपयोगाची नाही. ‘स्टेजच्या उजव्या हाताला, वीस पावलांवर’ असे सांगितले तर सगळ्यांचीच सोय होते.

लग्नाला न जाता आल्याने मन दुखावते, ग्रामसभेला न जाता आल्याने हक्काचा निधी हातचा जातो. ग्रामपंचायतीने स्वनिधीतील 5 टक्के रक्कम दिव्यांगांसाठी खर्च करणे अपेक्षित आहे. वर्षाला किमान चार ग्रामसभा होतात. ज्यांच्यासाठी तो पैसा आहे तेच पायऱ्यांखाली अडकले, तर तो कुठे खर्च झाला हे विचारणार कोण? 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने सार्वजनिक जागा सुगम असणे बंधनकारक केले. नोव्हेंबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही सुगमतेचे किमान नियम ऐच्छिक ठेवून चालणार नाहीत, असे बजावले.

गावाने कायद्याच्या बडग्याची वाट पाहू नये. कार्यक्रमाच्या दिवशी धावपळ करून हे जमत नाही, मंडपाची ऑर्डर देतानाच ते ठरते. स्टेजची उंची, वाट आणि शौचालय तेव्हाच लिहून द्यावे. निमंत्रणपत्रिकेत ‘काही विशेष सोय हवी असल्यास कळवावे’ अशी एक ओळ आणि फोन नंबर छापावा. आणि मंडप उभा राहिला की गावातल्याच एखाद्या व्हीलचेअर वापरणाऱ्या माणसाला आदल्या दिवशी बोलावून विचारावे, कुठे अडते? त्याच्याइतका जाणकार तपासनीस दुसरा मिळणार नाही.