व्हाया बीड टू रोम!

बीड म्हटलं की काय आठवतं? दुष्काळ, राजकारण, ऊसतोड. बस्स! आता नकाशावर पट्टी ठेवा. एक टोक पैठणला, दुसरं धाराशिव जिल्ह्यातल्या तेरला. मध्ये काय आलं? बीड जिल्हा!

पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक पुस्तकात ही दोन्ही शहरं आहेत. सातवाहनांचं पैठण आणि तिथून पूर्वेला दहा दिवसांवरचं तगर, म्हणजे आपलं तेर. तिथलं कापड गाड्यांतून भडोच बंदरात जायचं. बीड दरवर्षी ज्याची वाट बघतं, त्याच मान्सूनच्या वाऱ्यांवर इजिप्तहून जहाजं यायची आणि माल रोमन साम्राज्यात न्यायची. आणि हो, वाटेत धड रस्ते नाहीत, ही तक्रारही त्यात आहेच!

ही वाट फक्त व्यापाऱ्यांची नव्हती. तेरला बौद्ध स्तूप सापडलाय. तिथलं त्रिविक्रम मंदिरही मुळात बौद्ध चैत्य होतं, असं अभ्यासक मानतात.

आज दिवाळीच्या सुमारास बीडमधून गाड्या भरून निघतात, त्या ऊसतोड कामगारांच्या. तेव्हा या वाटेने कापड जायचं, आता माणसं जातात. त्यामुळे पुढच्या वेळी कुणी बीडला ‘मागास’ म्हणालं, तर वाद घालू नका. पट्टी हातात द्या.