कारखान्यातले भांडण : निवाडा नको, सुलह हवी

भिवंडी असो वा मालेगाव, लूमच्या कारखान्यात मालक आणि कारीगर यांचे वाजते ते क्वचितच मोठ्या रकमेवरून. कापडात दोष निघाला तर मजुरीतून किती कापायचे, उचल घेतलेला कारीगर दुसरीकडे गेला तर बाकी कोणी फेडायची, मुकादमाने चांगला लूम कुणाला दिला आणि जुना कुणाच्या माथी मारला, अशा गोष्टींवरून ठिणगी पडते. आधी अबोला, मग लूम बंद, मग सरकारी कामगार अधिकाऱ्याकडे अर्ज. तोवर माल द्यायची तारीख टळलेली असते आणि कारीगराच्या घरी हप्ता पोहोचलेला नसतो.

अर्जाच्या आधी एक पायरी आहे, ती म्हणजे मध्यस्थी. ती आपण वापरत नाही, अशी आमची तक्रार आहे.

कोणी म्हणेल, यात नवे काय? वडीलधारे बसवून सुलह करणे आपल्याकडे पूर्वापार चालत आले आहे. खरे आहे. पण बहुधा होते असे की, मंडळी दोघांचे थोडे ऐकतात आणि "एवढ्यावर मिटवा" म्हणून निकाल सुनावतात. त्यांत एखादा शेठजींचा नातलग असतो, एखादा स्वतः कारखानदार. कारीगर मान खाली घालून हो म्हणतो आणि महिन्याभराने काम सोडतो. याला निवाडा म्हणावे, सुलह नव्हे.

निवाड्यालाही त्याची जागा आहे. १९१८ साली अहमदाबादेत प्लेगच्या काळातला बोनस बंद झाला तेव्हा गिरणी कामगारांनी ३५ टक्के वाढ मागितली. मालक २० टक्क्यांच्या पुढे येईनात. कामगारांच्या बाजूने अनसूयाबेन साराभाई, तर मालकांच्या बाजूने त्यांचे सख्खे भाऊ अंबालाल. गांधीजींच्या उपोषणानंतर दोन्ही बाजूंनी आनंदशंकर ध्रुव यांना लवाद मानले. त्यांनी ३५ टक्के दिले. लवाद दोघांच्या पसंतीचा होता, म्हणून त्याचा शब्द चालला. दर ठरवायला ही रीत चांगली. पण एकाच छपराखाली रोज काम करणाऱ्यांच्या भांडणात पैशाइतकाच अपमानही सलत असतो. तिथे नुसता आकडा सांगून भागत नाही.

मध्यस्थ निकाल देत नाही. तो दोघांचे वेगवेगळे ऐकतो, मग समोरासमोर बसवतो आणि तोड त्यांच्याच तोंडून काढतो. कारीगर म्हणतो पैसे कापले. खोदून विचारले तर कळते की चारचौघांत त्याला चोर म्हटले गेले. शेठ म्हणतो हा दांड्या मारतो. विचारले तर कळते की लग्नसराईचा माल अडकल्याने ते स्वतःच पेचात आहेत. इतके उमगले की हिशेब जुळायला वेळ लागत नाही.

२०२३ साली संसदेने मध्यस्थी कायदा केला, त्यातही हेच तत्त्व आहे. मध्यस्थाने तोडगा लादू नये, बोलणे गुप्त राहावे, काम १२० दिवसांत आणि दोघे राजी असल्यास आणखी ६० दिवसांत संपावे, समझोता लेखी व सहीचा असावा. लहान कारखान्याच्या भांडणाला एवढे दिवसही लागू नयेत.

तेव्हा प्रत्येक पेठेतील कारखानदार आणि कारीगर यांनी मिळून दोन-तीन माणसे आधीच ठरवून ठेवावीत. ती दोघांच्या विश्वासातली हवीत आणि धंद्यात कुणाची देणेकरी नसावीत. निवृत्त शिक्षक चालेल, वकील चालेल, जुना जाणता कारीगरही चालेल. ठरले ते कागदावर उतरवून दोघांना प्रत द्यावी आणि वाचता न येणाऱ्याला वाचून दाखवावे.

एक मर्यादा मात्र पाळावी. मारहाण, स्त्रियांची छेडछाड, मशीनवर झालेली दुखापत ही प्रकरणे मध्यस्थीच्या नावाखाली दडपू नयेत. किमान वेतनही समझोत्याने कमी होत नाही.

कारीगराला समोर बसवले तर तो डोक्यावर बसेल, अशी भीती काही शेठजी बोलून दाखवतात. आम्हाला तसे वाटत नाही. ज्याचे ऐकून घेतले जाते तो टिकतो, आणि हात बसलेला कारीगर गमावणे किती महाग पडते हे कारखानदाराला आम्ही सांगायला नको.